गेम स्टुडिओची ऑफर, हार्डवेअरचं डिपॉझिट आणि माझे गेलेले ६१ हजार

हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत मी सहा वर्षं जावा बॅकएंडचं काम केलं. रात्री जेवणं आटोपली की युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर उघडून बसायचो. दोन छोटे गेम प्ले स्टोअरवर टाकले होते. आता पूर्णवेळ गेम डेव्हलपमेंटमध्येच जायचं असं ठरवलं आणि डिसेंबरमध्ये लिंक्डइनवर तसं जाहीर केलं. चार दिवसांत एका एचआर मॅडमचा मेसेज आला. जवळजवळ त्याच मजकुराचा मेसेज गेल्या आठवड्यात माझ्या कॉलेजच्या एका ज्युनियरला आला, म्हणून हे सगळं लिहून काढतोय. त्याच्या मेसेजमध्ये कंपनीचं नाव वेगळं होतं, बाकी सगळं तेच.

माझा विश्वास बसला तो टेक्निकल राउंडमुळे. व्हिडिओ कॉलवर समोर तिशी-पस्तिशीचा माणूस होता. त्याने विचारलं, साध्या अँड्रॉइड फोनवर शूटिंगचा गेम दर काही सेकंदांनी अडखळतोय, तर आधी काय बघशील? मी म्हटलं, प्रोफायलर, म्हणजे वेळ कुठे जातोय ते दाखवणारं टूल लावीन, प्रत्येक फ्रेमला नवीन ऑब्जेक्ट तयार होतायत का ते बघीन. मग गाडी ऑब्जेक्ट पूलिंगवर आली. गोळी दरवेळी नवी बनवून नष्ट करायची नाही, तीच परत वापरायची. सेकंदाला साठ फ्रेमचा गेम असेल तर एका फ्रेमला जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात, त्यात गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करणं, मध्येच आलं तर खेळणाऱ्याला झटका जाणवतोच. पन्नास मिनिटं आम्ही यावर बोललो. माझ्या ऑफिसात या विषयावर बोलायला सहा वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. हा माणूस काम जाणणारा आहे म्हणजे कंपनी खरी आहे, असं मी धरून चाललो.

पुढे दहा दिवसांचं टेस्ट असाइनमेंट झालं आणि जानेवारीत ऑफर लेटर आलं. साडेनऊवरून चौदा लाख, पूर्ण रिमोट, जॉइनिंग ६ एप्रिल. दुसऱ्याच दिवशी मी राजीनामा टाकला, कारण आमच्याकडे नोटीस पीरियड ९० दिवसांचा. मॅनेजरने विचारलं, "ऑफिस बघून आलास का रे?" मी म्हटलं, "रिमोट आहे सर."

त्यानंतर दोन महिने त्यांनी माझ्याकडे एक रुपया मागितला नाही. हे नीट लक्षात घ्या. जॉइनिंगसाठी म्हणून आधार, पॅन, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ घेतला. दर आठवड्याला मॅडमचा फोन यायचा, केटी (जुन्या ऑफिसातलं काम दुसऱ्याला समजावून सोपवणं) कुठवर आलं, बाकी सगळं ठीक ना. आपुलकीने चौकशी करतायत असं वाटायचं. प्रत्यक्षात माझे परतीचे दोर किती कापले गेलेत, ते त्या मोजत होत्या.

मार्चच्या मध्यात केटी संपलं, माझ्या जागी दुसरा मुलगा आला. त्याच आठवड्यात मेल आला. वर्कस्टेशन आणि टेस्टिंगचे चार फोन पाठवतोय, त्यासाठी ३८,५०० रुपये रिफंडेबल डिपॉझिट भरा, पहिल्या पगारात परत मिळेल. एवढं महागडं सामान घरी पाठवणार म्हणजे डिपॉझिट असणारच, असं मी स्वतःला पटवलं. यूपीआयवर कंपनीऐवजी एका माणसाचं नाव दिसत होतं. विचारलं तर, "ते आमचे अकाउंट्सचे सर आहेत." मी पैसे पाठवले.

महिना संपता संपता पुन्हा फोन आला. सामान निघालंय, पण ट्रान्झिट इन्शुरन्स आणि जीएसटीचे २२,५०० बाकी आहेत. माझ्या खात्यात हप्त्यापुरतेच पैसे होते. बाबांना सांगलीला फोन केला. हळद नुकतीच मार्केटला गेली होती, पट्टी त्याच दिवशी मिळाली होती. "मशीन अडकायला नको, लगेच पाठवतो," म्हणाले आणि शेजारच्या पोराकडून तासाभरात पैसे ट्रान्सफर करून घेतले. मला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच.

६ एप्रिलला सकाळी नऊ वाजता लॉगिनची लिंक यायची होती. दुपारपर्यंत मॅडमचा फोन बंद आणि टेलिग्रामचा ग्रुप गायब.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. ३८,५०० जाऊन तीन आठवडे झाले होते, ते पुढच्या कितीतरी खात्यांत फिरून गेले होते. दुसऱ्या रकमेतले ६,२०० रुपये एका खात्यात सापडले आणि तिथे होल्ड लागला. सायबर पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी सांगितलं, तासाभरात फोन आला तर बँकेत पैसे अडवता येण्याची आशा जास्त असते. म्हणून शंका आली की लाजेपोटी थांबू नका, आधी १९३० लावा.

त्या रात्री ऑफर लेटर पहिल्यांदा खालच्या टोकापासून वाचलं. तळाशी बारीक अक्षरात सीआयएन होता, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक. कंपनी कायद्याप्रमाणे लेटरहेडवर तो छापावाच लागतो आणि तो २१ अक्षर-अंकांचाच असतो. आधी एल किंवा यू, मग उद्योगाचे पाच अंक, राज्याची दोन अक्षरं, नोंदणीचं वर्ष, प्रायव्हेट लिमिटेडसाठी पीटीसी आणि शेवटी सहा अंक. (एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा क्रमांक वेगळा असतो.) मी बोट ठेवून मोजलं. २० भरले. शेवटचा एक अंकच नव्हता. पत्ता पुण्यातल्या बाणेरचा आणि राज्य केए, म्हणजे कर्नाटक. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर हा क्रमांक टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. ईपीएफओच्या साइटवर कंपनी शोधली तर पीएफ भरला जातोय का, किती जणांचा, हेही दिसतं. नव्वद दिवसांत मी यातलं काहीच केलं नव्हतं.

मुलाखत घेणाऱ्याला मी लिंक्डइनवर शोधून काढलं. रागानेच मेसेज टाकला होता. त्याचा फोन आला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा आला, तेव्हा त्याची नोकरी गेली होती. या लोकांनी त्याला प्रत्येक मुलाखतीमागे ८०० रुपये कबूल केले होते. त्याने अकरा मुलाखती घेतल्या आणि त्याला एक पैसाही मिळाला नाही. माझ्यासारखे आणखी दहा जण कुठे असतील, हे त्यालाही ठाऊक नाही. त्याने स्वतःची तक्रार नोंदवली आणि माझ्या तक्रारीसाठी सगळे चॅट दिले.

कागदपत्रांचा घोर अजून संपलेला नाही. क्रेडिट रिपोर्ट काढला तर मी न केलेल्या कर्जाच्या दोन चौकश्या त्यात होत्या. दोन्ही कंपन्यांना लेखी कळवलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा. जुन्या ऑफिसात राजीनामा मागे घेता आला नाही. सध्या तिथल्याच एका प्रोजेक्टवर सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे.

ज्युनियरला काल रात्री फोन केला. त्याला ऑफर लेटर उघडायला लावलं आणि तळाचा नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचून घेतला. त्याचेही वीसच भरले. राजीनाम्याचा मेल त्याने लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता, अजून पाठवला नव्हता.