फ्रिगेटबर्ड की केल्प गल, जास्त बेरकी कोण?

फ्रिगेटबर्ड या समुद्रपक्ष्याचे पंख वॉटरप्रूफ नाहीत, पाण्यावर बसायची सोयच नाही, मग हा गडी बूबीच्या (हीही समुद्रपक्षीच) मागे लागतो, हवेतच शेपूट धरून ओढतो आणि तिने ओकलेला मासा खाली पडायच्या आत झेलतो. तरी बदनामी जरा जास्तच झालीय, बहुतेक मासे तो स्वतःच पकडतो. केल्प गल या सीगलचं काम मात्र भयंकर आहे राव! अर्जेंटिनात वाल्देस द्वीपकल्पापाशी राइट व्हेल पिल्लं द्यायला येतात, त्या श्वासासाठी वर आल्या की हे पाठीवर उतरून जिवंतपणीच कातडी नि चरबी टोचून खातात, पिल्लांच्या पाठीवर तर जखमाच जखमा. शेवटी मोठ्या व्हेल फक्त डोकं वर काढून श्वास घ्यायला लागल्या. त्यापेक्षा फ्रिगेटबर्ड परवडला, बूबीचं बहुतेक एक जेवणच जातं.