अकराने गुणलेलं घर

गोव्यात, पेडण्यात, वडिलांच्या जागेत घर बांधायला काढलं तेव्हा मी एकच प्रश्न घेऊन फिरत होतो: चौरस फुटाला कितीने? दोघांनी 2,300च्या वर सांगितले, तिसरा 2,000 म्हणाला. आमच्याच तालुक्यातला, बोलायला गोड, देवळात नेहमी भेटणारा. एस्टिमेट म्हणून त्याने अर्ध्या पानावर चार ओळी लिहून दिल्या. आयुष्यभर सरकारी कचेरीत दुसऱ्यांची बिलं तपासलेल्या मी त्याखाली सही केली.

पहिला घोटाळा तिथेच झाला. पंचायतीने मंजूर केलेल्या नकाशात क्षेत्रफळ होतं 112 चौरस मीटर. “भाऊ, हिशेब सोपा पडतो, अकराने गुणूया,” तो म्हणाला. एका चौरस मीटरचे चौरस फूट होतात 10.76. म्हणजे 1,205 फुटांच्या जागी 1,232 झाले. वरचे 27 फूट कुठे बांधलेच नाहीत, पण त्यांचे 54,000 रुपये करारात जाऊन बसले. घरी बायकोने विचारलं, तर मी म्हटलं, एवढ्यातेवढ्यासाठी काय घासाघीस करायची!

करारात शेवटची ओळ होती, “मोजमाप साइटवर होईल.” मला ती प्रामाणिकपणाची वाटली.

पैसे असे ठरले: सहीला 5 लाख, जोतं झाल्यावर 5, स्लॅब पडल्यावर 8. एकूण साडेचोवीस लाखांतले 18 लाख स्लॅबलाच संपले. स्लॅब पडला की घर झालं असं आपल्याला वाटतं. खरं तर फरशी, दारं-खिडक्या, नळ, वायरिंग, रंग हे सगळं पुढेच असतं आणि खर्चाचा जवळजवळ अर्धा भाग तिथेच जातो. त्याच्या हातात तीन चतुर्थांश पैसे आणि माझ्या हातात चिऱ्यांच्या उघड्या भिंती.

मे महिन्याच्या शेवटी, डोक्यावर पाऊस असताना, बिल आलं. 1,232च्या जागी 1,540 फूट. बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, 118 (तो नकाशातल्या 112 मीटरांत आधीच धरलेला), खिडक्यांवरचे छज्जे 140, टाकीचा कट्टा 50. सगळं पूर्ण दराने! छज्ज्याला ना भिंत, ना फरशी. त्याशिवाय जागा उताराची म्हणून मागच्या बाजूला जोतं वाढलं, त्याचे 1,90,000. सेप्टिक टँक “घरात धरत नाहीत”, त्याचे 1,25,000. उतार त्याला पहिल्या दिवशी दिसत नव्हता का? दिसत होता. करारात जोत्याची उंची लिहिलेली नव्हती, एवढंच.

एकूण 33,96,200.

निम्मे तरी द्या, नाहीतर कामगार दुसऱ्या साइटवर जातील, असा निरोप आला. पावसाच्या भीतीने मी आणखी 3 लाख दिले. दुसऱ्या दिवशी दोन गवंडी आले, तिसऱ्या दिवशी कोणीच नाही. वकिलाने कागद वाचला आणि “साइटवर” या शब्दावर बोट ठेवलं.

मेव्हण्याच्या ओळखीच्या इंजिनियरने नंतर मला खरं एस्टिमेट कसं असतं ते दाखवलं. खोदाई घनमीटरमध्ये, सळई किलोमध्ये, प्लास्टर चौरस मीटरमध्ये, प्रत्येक कामापुढे परिमाण आणि दर. दर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरपत्रकाशी ताडून बघता येतात. त्याने त्याची फी सांगितली तेव्हा मी मनातल्या मनात ती 54,000शी ताडून पाहिली. कमीच होती. क्षेत्रफळ आयएस 3861प्रमाणे, म्हणजे इमारतीचं क्षेत्रफळ मोजण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, मोजायचं, एवढं एक वाक्य करारात असतं तर मोजपट्टी कशी लावायची यावर वाद घालायला आधार मिळाला असता, असंही तो म्हणाला. कामाआधी सही घ्यायला कोणी आला तर मी आता पहिलं विचारतो: तुझ्या फुटात काय काय येतं ते लिहून दे. आणि स्लॅबपर्यंत निम्म्याहून जास्त देत नाही.

उरलेलं काम दुसऱ्याने साडेअकरा लाखांत पुरं केलं, तेही दिवाळीनंतर. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जुन्याच घरात झाली.

त्या बिलातले शेवटचे 1,200 कसले, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. नंतर मागच्या पानावर सापडलं: चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची माटोळी टांगायला स्लॅबमध्ये बसवलेल्या कड्या, नग 4.