मॅग्नेट की जवळची शाळा?

आमच्या घरात दोन्ही प्रकार झाले आहेत. थोरली गणित-सायन्सच्या मॅग्नेटला, म्हणजे लांबलांबची मुलं निवडून घेऊन ठरावीक विषय खोलवर शिकवणाऱ्या सरकारी शाळेतल्या खास वर्गाला, जाऊन आली; धाकटा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवी) आहे. त्यामुळे इथे मेरीलँडमध्ये, माँटगोमेरी काऊंटीत, ओळखीतल्या कुणाचं मूल पाचवीत आलं की आमच्याकडे विचारणा होतेच. टाकोमा पार्क मिडल स्कूलला गणित, सायन्स आणि कॉम्प्युटर, ईस्टर्न मिडल स्कूलला ह्युमॅनिटीज (भाषा, इतिहास वगैरे), उत्तरेकडच्या मुलांसाठी जर्मनटाउनच्या दोन शाळा, ही माहिती विचारणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त असते. म्हणून ती सोडून बाकीचं लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. 2021 च्या प्रवेशापासून निवड सोडतीने होते. ग्रेड आणि मॅप या शाळेतल्या चाचणीचे स्कोअर बघून पात्र मुलांचा गट ठरतो, पुढे ज्याचं त्याचं नशीब. ही स्कॉलरशिपची परीक्षा नाही, म्हाडाची सोडत आहे. नंबर लागला म्हणून पेढे वाटायला नकोत. आणि नाही लागला तर मुलाला ‘जरा अजून अभ्यास केला असतास तर’ हे तर मुळीच ऐकवू नका.

मॅग्नेटमध्ये शिकवतात उत्तम, यात वाद नाही. थोरलीला तिथे पहिल्यांदा असा वर्ग मिळाला जिथे शंका विचारली की मागच्या बाकावरून कुणी डोळे फिरवत नाही. जेवताना ती आम्हाला प्रोग्रॅमिंगमधलं रिकर्शन समजावून सांगायची आणि समजलं नाही की चिडायची. प्रोग्रॅमिंग तिला त्या वयात ज्या गांभीर्याने शिकवलं तसं धाकट्याच्या शाळेत शिकवत नाहीत. बरोबरीच्या मुलांची संगत हा मॅग्नेटचा खरा फायदा, अभ्यासक्रम त्यानंतर.

पण हीच संगत काऊंटीभर विखुरलेली असते. माझं मत फिरलं ते इथे.

बसचा त्रास सगळे सांगतात. ती घरासमोर येत नाही, ठरावीक थांब्यावर येते, तिथवर आपण सोडायचं. त्याची सवय होते. कारपूल जमतं, मुलं बसमध्ये झोपतात किंवा होमवर्क उरकतात. सवय होत नाही ती ग्रुप प्रोजेक्टची. चार मुलांचा गट: एक बेथेस्डाचा, एक बर्टन्सव्हिलची, एक सिल्व्हर स्प्रिंगचा आणि आमची रॉकव्हिलची. गुगल डॉकवर लेखन होतं, पण तीन घड्यांचा बोर्ड आणि पुठ्ठ्याचं मॉडेल एकत्र बसल्याशिवाय होत नाही. शुक्रवारी रात्री पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कुणाकडे?’ हा प्रश्न येतो आणि सगळे गप्प. बर्टन्सव्हिलला जायचं तर आयसीसी या टोलरस्त्याचा टोल. सिल्व्हर स्प्रिंगला जायचं तर बेल्टवे, म्हणजे वॉशिंग्टनभोवतीचा रिंग रोड, आणि बेल्टवे जॉर्जिया अव्हेन्यूपाशी शनिवारीसुद्धा तुंबतो. शेवटी सगळ्यांना सारखंच गैरसोयीचं म्हणून व्हीटनची लायब्ररी ठरायची. मुलं टेबलावर पुठ्ठा कापतायत, आणि चार घरांतला एकेक मोठा माणूस लॅपटॉप उघडून काम करत असल्याचं सोंग करतोय. घरी जाऊन परत यायला वेळ पुरत नाही, म्हणून तिथेच बसायचं. वाढदिवसांचं तसंच, सिनेमाचं तसंच. रविवारची मराठी शाळा किती वेळा बुडाली याचा हिशोब बायकोकडे आहे, मी मागत नाही.

गाडी चालवायची कटकट मी सोसली असती. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीकडे जायला दर वेळी बापाचं कॅलेंडर बघावं लागतं, हे मला पटलं नाही. गल्लीतल्या मुली हळूहळू तिला बोलवेनाशा झाल्या. भांडण नव्हतं काही, शाळा वेगळी, एवढंच.

धाकटा दारातून निघतो तो वाटेत दोघा-तिघांना घेऊन शाळेत पोचतो. मिडल स्कूलला दीड मैलाच्या आत घर असेल तर बस मिळतच नाही, आणि आमच्या बाबतीत हे वरदानच ठरलं. त्याचं प्रोजेक्ट शेजारच्या बेसमेंटमध्ये होतं. अर्धा वेळ पिंगपाँग चालतं हे मला माहीत आहे. सातला फोन केला की पाच मिनिटांत घरी.

त्याच्या शाळेत सगळं छान आहे असं नाही. इंग्रजीच्या तासाला तो लवकर मोकळा होतो आणि पुस्तक वाचत बसतो. शिक्षक कोण मिळेल यावर त्या वर्षीचं सायन्स अवलंबून. पण 2018 च्या सुमारास काऊंटीने जवळच्या शाळांमध्येही वरच्या पातळीचे वर्ग सुरू केले, ते आपले लोक फारसे हिशोबात धरत नाहीत. धाकट्याला सहावीत गणिताचा ‘एम’ (AIM) हा वरचा वर्ग मिळाला, त्यामुळे सातवीत अल्जेब्रा वन, आणि त्याचं हायस्कूलचं क्रेडिट आत्ताच खात्यावर. सामाजिक शास्त्रालाही तसाच वरचा वर्ग आहे. तुमच्या शाळेत हे वर्ग असतील तर मॅग्नेट आणि जवळची शाळा यांतला फरक बराच कमी होतो, निदान मला तसं वाटतं. वर्गच नसतील तर माझा युक्तिवाद लंगडा पडतो, तेव्हा आधी समुपदेशकाला फोन करून विचारा.

‘पण मग ब्लेअरचं काय?’ हा प्रश्न येतोच. ब्लेअर हायस्कूलचं मॅग्नेट 1985 पासून चालू आहे, त्याचा दबदबा मान्य. मात्र आठवीत तिथे अर्ज करायला मिडल मॅग्नेटची अट नाही. थोरलीच्या वेळी आम्हाला वाटायचं की सहावीतली गाडी चुकली की पुढची सगळी स्टेशनं चुकली. तसं नाहीये.

मूल वर्गात खरोखर एकटं पडत असेल, दिवसभर बोलायला कुणी नसेल, तर मी लांबचं मॅग्नेटच सुचवेन आणि टोलचे पैसे बाजूला काढून ठेवा म्हणेन. मूल जिथे आहे तिथे खुशीत असेल आणि मॅग्नेटची ओढ मुख्यतः आपल्यालाच असेल, तर जवळची शाळा. होकार कळवण्याआधी एखाद्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला शाळेच्या दारापासून घरापर्यंत स्वतः गाडी चालवून बघा. ज्यांचं घर मुळातच टाकोमा पार्क किंवा ईस्टर्नपासून पंधरा मिनिटांवर आहे, त्यांना मात्र यातलं काहीच लागू नाही. नंबर लागला तर त्यांनी डोळे झाकून जागा घ्यावी.