आठ महिने क्वेरी मॉनिटर वापरला, हॉस्टिंगवाल्याला शिव्या देणं बंद झालं

जळगावात बसून वर्डप्रेसच्या (साईट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) साईट सांभाळायचं काम करतो मी. सराफ, केळीवाले, दोन कॉलेजं, एक मंगल कार्यालय, असं सगळं आहे. यातल्या निम्म्या दुसऱ्याच कोणीतरी बनवून सोडून दिलेल्या, आत काय पुरून ठेवलंय ते खणल्याशिवाय कळत नाही. आणि माझी खणायची पद्धत काय होती, तर एक प्लगिन (साईटला वरून जोडलेली जादा सोय) बंद कर, रिफ्रेश मार, परत चालू कर, पुढचं बंद कर, आणि शेवटी काहीच नाही सापडलं की हॉस्टिंगच्या सपोर्टला फोन लावून भांड. अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी क्वेरी मॉनिटर टाकला, आता बाजारात भरताची वांगी आली, म्हणजे झाले आठ महिने. पान बनताना वेळ कुठे गेला, डेटाबेसला काय काय विचारलं (तीच क्वेरी) आणि कोणी, ते दाखवणारं, जॉन ब्लॅकबर्न नावाच्या डेव्हलपरने बनवलेलं फुकट प्लगिन आहे, नवीन पण नाही, मीच उशिरा जागा झालो.

टाकायचं कारण सांगतो. अखाजीला चार दिवस बाकी, आपल्याकडे त्या दिवशी सोनं घ्यायची गर्दी किती ते सांगायला नको, आणि सराफ शेठचा सकाळी आठला फोन, "भो, साईट उघडीच नही ऱ्हायनी!" उघडत होती खरं तर, पण दहा-अकरा सेकंदांनी. मी सवयीप्रमाणे हॉस्टिंगवर खापर फोडलं, मोठा प्लॅन घ्या म्हटलं, शेठने घेतलाही, तरी दहा सेकंद तसेच. तेव्हा एका मित्राने हे टाकायला सांगितलं. टाकलं, वरच्या काळ्या पट्टीत सेकंद, मेमरी, क्वेरींची संख्या असं दिसायला लागलं, आणि बघतो तर डेटाबेसला सगळा मिळून पाव सेकंद पण लागत नव्हता. मग दहा सेकंद गेले कुठे? एचटीटीपी एपीआय कॉल्स नावाची एक टॅब आहे, साईट बाहेरच्या सर्व्हरला काय विचारते ते दाखवणारी, तिथे दोन लाल ओळी, दोन्हीपुढे पाच-पाच सेकंद, टाइमआउट (वाट बघून सोडून दिलं), आणि कंपोनंटच्या, म्हणजे हे कोणी केलं त्याच्या रकान्यात लिहिलेलं थीम, साईटच्या दिसण्याचा साचा. थीमच्या फुटरमधे (पानाच्या तळाशी) आधीच्या माणसाने आजचा सोन्याचा आणि चांदीचा भाव दाखवायला बाहेरच्या सर्व्हरला दोन कॉल टाकले होते, तो सर्व्हर बंद पडलेला, आणि वर्डप्रेस बाहेरच्या कॉलची डिफॉल्टमधे पाच सेकंद वाट बघतं. दोन कॉल, दहा सेकंद, प्रत्येक पानाला, प्रत्येक गिऱ्हाइकाला. मोठा प्लॅन घेऊन काय होणार होतं, नुसतं वाट बघणं जास्त ऐटीत झालं असतं.

दुरुस्ती करताना पण मी एक चूक केली ती सांगतो कारण बरेच जण करतात. नवीन भावाचा सोर्स लावला, भाव ट्रान्झिएंटमधे (वर्डप्रेसची ठराविक वेळेपुरती साठवण) पंधरा मिनिटं साठवला, खूष झालो. पण कॉल फेल झाला तर काहीच साठत नव्हतं, म्हणजे तो सर्व्हर परत झोपला की प्रत्येक पान परत नव्याने दार वाजवायला जाणार. म्हणून फेल झाल्याचं पण पाच मिनिटं साठवा, तोवर जुना भाव त्याच्या वेळेसकट दाखवा, आणि टाइमआउट दोन सेकंदांवर आणा.

दुसरी जमलेली गोष्ट रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या साईटवर. रोजच्या भावाचं टेबल, जुना कोड, लूपच्या आत बसून प्रत्येक ओळीला थेट डेटाबेसला विचारतोय, तेच तेच. डुप्लिकेट क्वेरीजच्या टॅबमधे किती वेळा आणि कोणत्या फंक्शनने विचारलं ते सरळ लिहून येतं. ०.०५ सेकंदाच्या वर गेलेली क्वेरी स्लो म्हणून वेगळी काढून दाखवतो. पण खरं सांगू, मला स्लो क्वेरीपेक्षा "क्वेरीज बाय कंपोनंट" जास्त कामाचं वाटलं, कारण गिऱ्हाइकाला "हे प्लगिन काढा" म्हणायला पुरावा लागतो, नाहीतर त्यांना वाटतं आपण काम टाळतोय.

आणि ही मराठी साईटवाल्यांसाठी. कॉलेजच्या नोटिसा, काही उघडायच्या, काही ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. रिक्वेस्टच्या टॅबमधे वर्डप्रेसला नेमकं काय नाव मिळालं, कोणता नियम लागला ते दिसतं. तिथलं नाव आणि डेटाबेसमधलं स्लग (लिंकमधलं पानाचं नाव) शेजारी ठेवलं तेव्हा कळलं की डेटाबेसमधलं अर्ध्यातच तुटलंय. स्लगच्या कॉलमला २०० अक्षरांची मर्यादा, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूआरएलमधे गेलं की टक्क्याच्या चिन्हांच्या (%) रूपात नऊ अक्षरं खातं. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे साधारण बावीस चिन्हांत खेळ खलास. आपल्या कॉलेजच्या नोटीसचं टायटल बावीस चिन्हांत? "सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की" एवढ्यातच संपलं सगळं. आधीच्याने लिंक पूर्ण टायटलवरून स्वतःच बनवली होती, त्यामुळे लांब टायटलवाल्या सगळ्या मेल्या. लिंक वर्डप्रेसच्याच परमालिंकच्या (पानाची खरी लिंक देणाऱ्या) फंक्शनवरून घेतली, क्लार्क मॅडमना स्लग इंग्रजीत छोटं टाकायला शिकवलं.

आता जिथे हे प्लगिन कामाचं नाही ते. पानच आलं नाही तर ते बिचारं दाखवणार कशात? हॉस्टिंगने पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ७ वरून ८ वर नेलं, मंगल कार्यालयाची साईट "क्रिटिकल एरर" दाखवून बसली. वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी रिकव्हरी मोडची (बिघडलेलं बाजूला ठेवून ॲडमिनमधे शिरायची) लिंक ॲडमिनच्या ईमेलवर पाठवतं, छान सोय आहे, फक्त तो ईमेल आधीच्या डेव्हलपरचा होता जो फोन पण उचलत नाही. इथे लॉगच (चुका लिहून ठेवणारी फाईल) लागतो. डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाईलमधे डीबग आणि डीबग लॉग चालू, डीबग डिस्प्ले बंद, आणि या ओळी "स्टॉप एडिटिंग" लिहिलंय त्याच्या वरच टाका, खाली टाकून अर्धा तास लॉग का येईना म्हणून बसलो होतो मी. लॉगमधे सापडलं क्रिएट फंक्शन नावाचं जुनं फंक्शन, जे पीएचपी ८ मधून काढूनच टाकलंय. एक सांगून ठेवतो, हा लॉग डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमधे पडतो आणि बऱ्याच सर्व्हरवर तो ब्राउझरमधून कोणालाही उघडता येतो. वर्डप्रेस ५.१ पासून डीबग लॉगला ट्रूच्या जागी फाईलचा पाथ देता येतो, तो पब्लिक फोल्डरच्या बाहेरचा द्या.

क्रॉनमधे (ठरलेल्या वेळी मागे आपोआप चालणारी कामं) बिघाड असेल तरी क्वेरी मॉनिटर गप्प, कारण हिस्ट्री नाही, समोरचं पान तेवढंच दिसतं. पान कॅशमधून (आधीच बनवून ठेवलेल्या प्रतीतून) आलं तरी काही नाही. लॉगिन न करता बघायचं तर सेटिंगमधे कुकी लावायची सोय आहे, ती मला तिसऱ्या महिन्यात दिसली. काही शेअर्ड हॉस्टिंगवर क्वेरी मॉनिटरच्या डीबी डॉट पीएचपी फाईलची सिमलिंक (शॉर्टकट) बनत नाही, मग क्वेरी कोणाची ते कळतच नाही आणि निम्मी मजा जाते. लाइव्हवर कायम चालू ठेवू नका. प्रत्येक क्वेरी मेमरीत धरून ठेवतो, मी प्रॉडक्ट इम्पोर्ट चालू असताना विसरलो आणि मेमरी संपून इम्पोर्ट मधेच आडवा. मोबाईलवर तर नादच सोडा.

प्लगिन बंद-चालू करणं पूर्ण सुटलं असं नाही, पण आता हेल्थ चेक प्लगिनच्या ट्रबलशूटिंग मोडमधे करतो, तिथे फक्त माझ्यापुरती प्लगिन बंद होतात, गिऱ्हाइकाला साईट जशीच्या तशी. आणि एकेक नाही, निम्मी निम्मी. बत्तीस असतील तर पाच फेऱ्यांत चोर सापडतो, अट एकच, चोर एकटा पाहिजे. दोन प्लगिन मिळून गोंधळ घालत असतील तर मग बसा. एक्सडीबग (पीएचपीचा कोड ओळीओळीने थांबवून बघायचं साधन) पण लावलंय लॅपटॉपवर, जुन्या ट्युटोरियलमधला ९००० पोर्ट टाकून एक दुपार घालवली, व्हर्जन ३ पासून तो ९००३ झालाय, आणि मे महिन्यातली जळगावची दुपार, वर लाईट गेलेली, त्यामुळे चांगलंच लक्षात राहिलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा हिस्ट्री नाही म्हणून कापला. शेठने तो मोठा प्लॅन अजून ठेवलाय, म्हणतो त्यानेच साईट पळायला लागली.