थेराबँड: स्मॅशरच्या खांद्याला लाल आणि हिरवा पुरे

दुकानात थेराबँड, म्हणजे व्यायामाचा ताणायचा रबरी पट्टा, मागितला की व्हॉलीबॉलची पोरं हात घालतात काळ्या रंगाला. जाड दिसतो ना! खांद्यासाठी नेमका तोच नको.

मूळ लांबीच्या दुप्पट ताणला की लाल बँडला साधारण 1.7 किलो जोर लागतो, हिरव्याला 2.1, निळ्याला 2.6 आणि काळ्याला 3.3. आकडे किरकोळ वाटतात खरे. पण स्मॅशनंतर सुसाट सुटलेल्या हाताला ब्रेक लावणारे खांद्यामागचे स्नायू, त्यातही इन्फ्रास्पिनेटस, मुळात लहान. चेंडू हाणणारे छातीचे स्नायू खेळता खेळता तगडे होतात, हे मागे पडतात. हात बाहेर फिरवायची ताकद आत फिरवायच्या ताकदीच्या निदान दोन तृतीयांश असावी, असा फिजिओंचा ढोबळ हिशेब आहे. काळा बँड या स्नायूंना झेपत नाही. मग खांदा कानाकडे चढतो, कंबर वळते आणि व्यायाम होतो भलत्याचाच.

बँड कोपराच्या उंचीवर बांधा. कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये नॅपकिनची गुंडाळी. ती खाली पडली की समजा कोपर सुटलं. हात बाहेर नेताना एक सेकंद, परत आणताना तीन. ब्रेकचा सराव या परतीतच होतो. लाल बँडवर 15 चे 3 सेट, आठवड्यातून तीनदा, तेही खेळ झाल्यावर. खेळाआधी एकच हलका सेट, कारण दमलेल्या खांद्याने स्मॅश मारणं धोक्याचं. हे सहज जमलं की हात खांद्याच्या रेषेत उचलून तोच व्यायाम. हिरवा त्यानंतर.

दीड मीटरचा तुकडा घ्या आणि पकडायच्या जागी पेनने खूण करा. जोर ठरतो बँड मूळ लांबीच्या किती पट ताणला यावर. आखूड पकडला तर लालसुद्धा काळ्यासारखा ओढतो.

लेटेक्स नाजूक. मैदानावरच्या नेटच्या लोखंडी खांबाला थेट बांधला तर गंजाने चिरतो, म्हणून आधी फडकं गुंडाळा. उन्हात वाळत टाकू नका. नखाएवढी चीर दिसली तरी फेकून द्या, तुटला तर तोंडावर बसतो. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर बिनलेटेक्सचा मिळतो.

आखडलेल्या खांद्याला मात्र याचा फारसा उपयोग नाही. मारता हात आत वळताना दुसऱ्यापेक्षा 20 अंश कमी वळत असेल आणि आत-बाहेरची एकूण हालचालही घटली असेल, तर त्याच कुशीवर झोपून, कोपर काटकोनात ठेवून, दुसऱ्या हाताने मनगट हळूच जमिनीकडे दाबा. 30 सेकंद, तीनदा. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचलं तर थांबा.

आणि शर्ट काढून पाठ कुणाला तरी दाखवा. मारत्या हाताच्या फऱ्यावर खळगा दिसत असेल, तर इन्फ्रास्पिनेटसची नस दबलेली असू शकते. स्मॅशर आणि फ्लोट सर्व्ह (चेंडूला फिरकी न देता केलेली सर्व्हिस) मारणाऱ्यांत हे आढळतं, आणि बरेचदा दुखतही नाही. तिथे बँड बाजूला ठेवून आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा.