नव्या शिडांचा एक हंगाम: मुंबई बंदरातल्या २६ फुटी यॉटवरचा अनुभव

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या २६ फुटी यॉटवर नवे मुख्य शीड आणि डोलकाठीपुढचे मोठे शीड, म्हणजे फर्लर या फिरत्या नळीवर गुंडाळले जाणारे नवे जेनोआ, चढवले. या मेच्या अखेरीस, बोट पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर घेण्यापूर्वी, दोन्ही उतरवून शिवणीशिवणीने तपासली. मधल्या आठ महिन्यांत, नोंदवहीप्रमाणे, बोट ४३ दिवस शिडांवर चालली. त्यांतले बहुतेक दिवस गेटवे ते मांडवा आणि परत असे होते, काही खांदेरी बेटापर्यंतचे, आणि एकदा मुरूड-जंजिऱ्यापर्यंतचा चार दिवसांचा प्रवास. शिडे नवी असताना सगळीच चांगली दिसतात, म्हणून हंगाम पूर्ण होईपर्यंत मी काही लिहिले नव्हते.

जुनी शिडे फाटलेली नव्हती, आणि त्यामुळेच ती बदलण्याचा निर्णय दोन हंगाम लांबला. गेटवेहून मांडव्याकडे जाताना दिशा दक्षिणेची, किंचित पूर्वेकडे झुकलेली असते आणि दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी असतो, तेव्हा कसलेही शीड बोट नेते. खरी परीक्षा परतीच्या सात-आठ सागरी मैलांत होते, कारण तोच वारा आता जवळजवळ तोंडावर येतो आणि दोन्ही बाजूंनी आलटून पालटून टॅक करत, म्हणजे नागमोडी वाटेने, वर चढावे लागते. जुन्या शिडांवर एका टॅकवरून दुसऱ्या टॅकवर जाताना होकायंत्रात १०५ अंशांच्या आसपास फरक पडत असे (हा फरक जितका कमी तितकी बोट वाऱ्याच्या अधिक जवळ चालते), बोट गरजेपेक्षा जास्त कलत असे आणि सुकाणू सतत ओढून धरावे लागत असे. आमच्या बोटीचे तांडेल, ज्यांनी या बंदरात माझ्यापेक्षा दुप्पट वर्षे काढली आहेत, ते एका संध्याकाळी म्हणाले, “साहेब, शीड थकलंय, दोरी कितीही खेचा.” ते बरोबर होते. तळकडेच्या मध्याशी उताणे पडून वरच्या दिशेने फोटो काढला, तेव्हा शिडाचे पोट (सर्वांत खोल भाग), जे पुढच्या कडेपासून ४० ते ४५ टक्क्यांवर असायला हवे, ते मध्याच्याही मागे सरकलेले स्पष्ट दिसले. पोट मागे गेले की मागची कड वाऱ्याला अडवू लागते, आणि जो जोर बोटीला पुढे न्यायचा तो तिला आडवे पाडण्यात खर्च होतो. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारी दोरी, ताणून पोट थोडे पुढे येते, पण कापडाचे धागेच सैलावले असतील तर ते टिकत नाही.

शिडे कोणाकडून घ्यावीत यासाठी मी तीन ठिकाणी विचारणा केली. एक परदेशातला मोठा, नावाजलेला ब्रँड होता, दुसरे भारतातल्याच दुसऱ्या एका किनारी शहरातले लॉफ्ट, म्हणजे शिडे शिवण्याचा कारखाना, आणि तिसरे मुंबईतले, दोन शिलाई यंत्रे आणि एका लांब लाकडी फळीवर चालणारे छोटे लॉफ्ट. परदेशी ब्रँडचे उत्तर सर्वांत लवकर आले. डोलकाठीवरची शिडाची उंची, बूमची (शिडाच्या तळाशी असणाऱ्या आडव्या दांड्याची) लांबी, फोरस्टेची (डोलकाठी पुढून धरणाऱ्या तारेची) उंची आणि त्याच्या पायापासून डोलकाठीपर्यंतचे अंतर, अशी चार मापे मागितली गेली आणि दोन दिवसांत दरपत्रक आले. दुसऱ्या लॉफ्टने तर मापेही मागितली नाहीत. बोटीचे मॉडेल सांगताच त्यांनी आपल्याकडच्या नोंदीवरून किंमत दिली. मुंबईच्या कारागिरांनी मात्र किमतीविषयी पहिल्या भेटीत अवाक्षर काढले नाही. त्यांनी विचारले, तुम्ही मांडव्याहून परतता तेव्हा साधारण भरती असते की ओहोटी?

या एका प्रश्नाने माझी निवड ठरली, आणि तो प्रश्न इतका मोलाचा का हे नीट सांगायला हवे. भरतीचे पाणी बंदरात आत, म्हणजे उत्तरेकडे शिरते. परतताना ते बोटीला साथ देते खरे, पण ते वायव्येच्या वाऱ्याविरुद्ध जात असल्याने आखूड आणि उभ्या लाटा उठतात. त्यात प्रवासी लाँचच्या लाटांची भर पडते. अशा पाण्यात बोट दर काही सेकंदांनी थबकते आणि पुन्हा वेग घ्यावा लागतो. सपाट शीड कागदावर वाऱ्याच्या अधिक जवळ जाते, पण या थबकण्यात त्याचा जोर संपतो. थोडे भरलेले, पोट जरा पुढे असलेले शीड पुन्हा वेग धरते आणि सुकाणूवरच्या माणसाच्या लहानसहान चुका सोसते. ओहोटीत पाणी तुलनेने सपाट असते, मात्र उधाणाच्या ओहोटीचा प्रवाह तोंडावर घेऊन येताना वेळ दुप्पट लागतो, म्हणून आम्ही शक्यतो भरतीलाच निघतो. एवढी माहिती मिळाल्यावर मुंबईच्या कारागिरांनी पोटाची खोली ठरवली. परदेशी ब्रँडच्या फॉर्मवर हा रकाना नव्हता.

किमतीचेही सांगतो. परदेशी शिडांची मूळ किंमत मुंबईच्या दरापेक्षा फार जास्त नव्हती, पण हवाई वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून ती जवळपास दीडपट झाली. (सीमाशुल्काच्या वर्गवारीत शिडे ताडपत्री आणि तंबूंच्याच ६३०६ या शीर्षकाखाली मोडतात, हे मला या निमित्ताने कळले.) माझ्या दृष्टीने किमतीपेक्षा मोठा मुद्दा दुरुस्तीचा होता. शीड पहिल्याच वेळी अचूक बसेल असे कोणताही प्रामाणिक सेलमेकर सांगत नाही. ते परत पाठवून, कापून, पुन्हा मागवायचे तर प्रत्येक फेरीला नवी कागदपत्रे आणि नवा महिना. लॉफ्ट टॅक्सीच्या अंतरावर असणे ही मी चैन समजत नाही.

मापे गेल्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सात वाजता, बोट मूरिंगवर (पाण्यात बांधून ठेवण्याच्या जागी) असतानाच घेतली. ती वेळ कारागिरांनीच निवडली, कारण तेव्हा जमिनीकडून येणारा मतलई वारा पडलेला आणि समुद्रावरून येणारा खारा वारा सुरू व्हायचा असतो. स्टीलची टेप हॅलयार्डला बांधून वर चढवली, पण चार मापांवर ते थांबले नाहीत. बॅकस्टे (डोलकाठी मागून धरणारी तार) ताणल्यावर डोलकाठी मधोमध किती वाकते, फोरस्टे किती झोळ खातो, स्प्रेडर (डोलकाठीवरचे आडवे दांडे) कोणत्या उंचीवर आहेत, बूमच्या टोकाची पिन डोलकाठीच्या मागे किती अंतरावर आहे, शीट (शीड ओढून धरणारी दोरी) ओढण्याचे ट्रॅक कुठून कुठवर जातात, हे सगळे लिहून घेतले. डोलकाठीच्या वाकण्याइतकी गोलाई मुख्य शिडाच्या पुढच्या कडेला द्यावी लागते आणि फोरस्टेच्या झोळाइतकी जेनोआची कड आत कापावी लागते. हे चुकले तर कापड कितीही महागडे असो, सुरकुत्या जात नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर चढतात आणि अनेकांच्या डोलकाठ्या उतरतात, म्हणून ही मापे मे संपण्यापूर्वीच व्हायला हवीत. त्यानंतरचे चार महिने शिवणकामाला मिळतात आणि शिडे नारळी पौर्णिमेनंतर, हंगामाच्या तोंडावर हाती येतात. सप्टेंबरात ऑर्डर देणाऱ्याला हंगामाचा सुरुवातीचा एक तृतीयांश भाग जुन्याच शिडांवर काढावा लागतो.

कापड निवडताना लॅमिनेटचा मोह झाला होता. मायलारच्या (पातळ प्लास्टिकच्या) थरांत ताकदीचे धागे बसवलेली ती शिडे आकार जास्त घट्ट धरतात आणि शर्यतीत दिसतातही देखणी. पण मुंबईच्या दमट हवेत थरांच्या मध्ये बुरशी शिरली की ती काढता येत नाही, आणि उन्हा-ओलाव्यात थर सुटू लागतात. म्हणून विणलेले पॉलिएस्टर, म्हणजे डॅक्रॉन, आडव्या पट्ट्यांत जोडून घेतले. आमच्या आकाराच्या बोटीला साडेसहा औंसी कापड सुचवले गेले. या व्यवसायातला औंस वेगळा असतो: २८.५ इंच रुंद आणि ३६ इंच लांब तुकड्याचे ते वजन असते, म्हणजे एक औंस चौरस मीटरला सुमारे ४३ ग्रॅम. दोन दरपत्रकांतले ‘औंस’ आणि ‘ग्रॅम’ यांची तुलना करताना हे ठाऊक असणे उपयोगी पडते. कारागिरांनी नमुन्याचा तुकडा तिरका खेचून दाखवला. स्वस्त कापडात विणीतली कसर राळेने भरून काढलेली असते, ते हातात कडक लागते आणि चुरगाळल्यावर मऊ पडते. घट्ट विणीचे कापड चुरगाळूनही तिरके ताणले जात नाही. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द आपल्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून गेला, आणि ते कापड शिडांसाठीही वापरले जाई. या शहरात शिडाचे कापड बोटांनी पारखणारा माणूस अजून आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

बाकीचे निर्णय थोडक्यात. जेनोआ १५० ऐवजी १३५ टक्क्यांचे (डोलकाठी ते फोरस्टेचा पाया या अंतराच्या तुलनेत) घेतले, कारण दुपारी वारा १२ ते १५ नॉटवर (ताशी सागरी मैलांवर) गेला की मोठे शीड अर्धे गुंडाळूनच ठेवावे लागते आणि गुंडाळलेल्या शिडाला आकार राहत नाही. पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवून घेतली, जी गुंडाळताना मधले पोट खाऊन टाकते. मुख्य शिडाला दोन रीफ (जोराच्या वाऱ्यात शीड लहान करण्याच्या सोयी), वरच्या दोन बॅटन (आकार धरणाऱ्या पट्ट्या) पूर्ण लांबीच्या आणि खालच्या दोन आखूड. उन्हात कापडाआधी शिवण मरते, म्हणून उघड्या शिवणींसाठी महागडा पीटीएफई (टेफ्लॉन) धागा मी हट्टाने मागितला. मेअखेरीस अंगठ्याच्या नखाने प्रत्येक शिवण खरवडून पाहिली. एकही टाका तुटला नाही.

आता वापराविषयी. टॅकमधला फरक ९० ते ९२ अंशांवर आला आहे, आणि परतीच्या वाटेवर पूर्वी जिथे सात-आठ टॅक लागत तिथे आता बहुधा पाच पुरतात. सुकाणू दोन बोटांनी धरता येते. जंजिऱ्याच्या प्रवासात रेवदंड्याच्या पुढे वारा १८ नॉटवर गेला, तेव्हा पहिला रीफ घेऊन, जेनोआ फोमच्या खुणेपर्यंत गुंडाळून आम्ही दोन तास सरळ चाललो आणि शिडाचा आकार एकदाही बिघडला नाही. भरतीच्या आखूड लाटांत बोट आता थबकल्यावर लगेच उचल घेते. पोटाच्या खोलीबाबतचा कारागिरांचा अंदाज अचूक होता, असे मी आठ महिन्यांनंतर निःशंकपणे म्हणतो.

उणिवाही आहेत. १० नॉटच्या वर जेनोआची मागची कड फडफडू लागे आणि कडेतली दोरी ताणली की ती आत वळत असे. जानेवारीत शीड लॉफ्टवर नेले. त्यांनी माझे फोटो पाहिले, एका रविवारी स्वतः बोटीवर येऊन दोन टॅक पाहिले आणि मग वरच्या तीन जोडांत काही मिलीमीटरची उसवण-शिवण करून नऊ दिवसांत, पैसे न घेता, परत दिले. फडफड गेली. स्प्रेडरच्या टोकाशी शीड घासते तिथे ठिगळ आधीपासून असायला हवे होते. डिसेंबरात तिथे कापड पातळ झालेले दिसले तेव्हा ते लावून घेतले. तिसरी गोष्ट माझ्या निवडीची आहे. गुंडाळलेल्या जेनोआच्या उघड्या कडेवर उन्हापासून संरक्षणाला मी जाड अॅक्रिलिक कापड घेतले, कारण ते अधिक वर्षे टिकते. पण ते जड आहे, आणि हिवाळ्यातल्या सकाळच्या चार-पाच नॉटच्या मतलईत मागची कड खाली लोंबते. हलके, उन्हाचा लेप दिलेले डॅक्रॉन थोडे लवकर बदलावे लागले असते, पण ज्यांना सकाळी लवकर निघायला आवडते त्यांना मी तेच सुचवीन. पूर्ण लांबीच्या बॅटनमुळे शीड चढवताना डोलकाठीवर सरकणाऱ्या स्लाइड अडकतात. बोट अगदी वाऱ्याच्या तोंडाशी धरली तरच ते सहज वर जाते.

देखभालीत मीठ सर्वांत त्रासदायक आहे. सुकलेल्या मिठाचे कण टाक्यांत कानशीसारखे काम करतात आणि हवेतला ओलावा ओढून शीड कायम दमट ठेवतात. मूरिंगवर गोडे पाणी मुबलक नसते, म्हणून दर सहा आठवड्यांनी एकेक शीड घरी आणून, सोसायटीच्या परवानगीने, गच्चीवर साध्या पाण्याने धुतले आणि सावलीत वाळवले. सुमारे २० चौरस मीटरचे जेनोआ पसरायला चार माणसे लागतात. शेजारच्या मुलांनी दर वेळी हौसेने मदत केली. लाँचच्या धुराची काजळी मागच्या कडेवर बसली आहे, ती सौम्य साबणाने निम्मी गेली. उरलेली घासून काढू नका, राळेचा लेप जातो, असे लॉफ्टने बजावले.

सध्या दोन्ही शिडे, घडी न घालता गुंडाळून, लॉफ्टच्या कोरड्या माळ्यावर आहेत. अॅक्रिलिकची पट्टी या पावसाळ्यातच काढून हलकी लावायची की तिचे आयुष्य संपेपर्यंत थांबायचे, यावर आमचे बोलणे चालू आहे. तांडेलांचे मत आताच बदला असे आहे, आणि सकाळच्या मतलईत सुकाणूवर बहुधा तेच असतात.