रेडिओहेडचा बदलत गेलेला आवाज: सोलापुरातल्या एका फॅनचा रिव्ह्यू

रेडिओहेड हा इंग्लंडचा रॉक बँड, आणि तो ऐकणारे आपल्याकडं दोनच प्रकारचे भेटतात. एक ज्यांना जुनं गिटारवालं रेडिओहेड पाहिजे, आणि दुसरे ज्यांचं सगळं किड ए या अल्बमपासनं सुरू होतं. माझा मावसभाऊ पहिल्यातला. विजापूर रोडला राहतो, गिटार खरंच चांगली वाजवतो आणि त्याचं पक्कं मत आहे की १९९७ ला ओके कॉम्प्युटर हा अल्बम आला आणि तिथंच बँड संपला, पुढं नुसती मशीनची कुरकुर. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून नऊच्या नऊ अल्बम क्रमानं परत ऐकले आणि आता लिहितोय, कुणाला नव्यानं ऐकायचं असेल तर उपयोग होईल.

माझं म्हणणं एवढंच की गिटार सोडा आणि ठेका धरा. मग हा बँड दर अल्बमला वेगळा वाटत नाही, एकाच गोष्टीच्या मागं लागलेला दिसतो.

पहिला पाब्लो हनी, १९९३. हा नाही ऐकला तरी चालेल असं मी स्पष्ट सांगतो. एक गाणं जगभर गाजलं, बाकीचा अल्बम त्या काळच्या दहा बँडपैकी कुणाचाही असू शकला असता. १९९५ चा द बेंड्स मात्र ऐकाच, गायक थॉम यॉर्कचा आवाज इथं मोकळा झाला, आणि जॉनी ग्रीनवुड आणि एड ओब्रायन यांच्या गिटारी एकमेकांना जागा द्यायला लागल्या.

आता ओके कॉम्प्युटर. भाऊ ज्याला शेवटचा खरा रॉक अल्बम म्हणतो त्याच्या पहिल्याच गाण्याचे ड्रम्स नीट ऐका. ड्रमर फिल सेलवेनं वाजवलेल्यातला काही सेकंदांचा तुकडा घेऊन तो कॉम्प्युटरवर कापून, जोडून, फिरवलाय. म्हणजे मशीन तर १९९७ लाच घरात आलेलं होतं, फक्त वर गिटारीचा आवाज एवढा मोठा की लोकांचं लक्ष गेलं नाही!

मग २००० साली किड ए. एकही सिंगल, म्हणजे वेगळं काढलेलं गाणं, नाही काढला आणि तरी अमेरिकेत थेट एक नंबरला गेला. पहिलं गाणं सुरू झालं की गिटार नाहीच, कीबोर्ड आणि थॉमच्याच आवाजाचे कापलेले तुकडे, आणि ठेका दहाचा. तबला शिकलेल्या माणसाला दहा मात्रा म्हणल्यावर झपताल आठवतो, चारचारच्या रॉकमधनं आलेल्याला पायाखालची फरशी हलल्यासारखं होत असणार, त्यात त्याची काय चूक नाही. तिसऱ्या गाण्यात बेस गिटारची एकच लाईन पहिल्यापासनं शेवटपर्यंत फिरत राहते, ती बँडचा बेसवाला कॉलिन ग्रीनवुडनं नाही तर थॉमनं वाजवलीय, आणि वरनं ब्रासवाले, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं वाजवणारे, येऊन जो गोंधळ घालतात तो ऐकून मला आजही अंगावर काटा येतो. जॉनी इथं ओंद मार्तनो वाजवतो, १९२८ च्या सुमाराचं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे, ऐकताना कुणीतरी लांबनं रडतंय का गातंय ते कळत नाही. हा माझ्या लेखी त्यांचा सगळ्यात धाडसी अल्बम. त्याच सेशन्समधला अम्नेशिअॅक २००१ ला आला, चांगला आहे, पण किड ए पचल्यावर घ्या. २००३ चा हेल टू द थीफ १४ गाण्यांचा आहे आणि चार कमी असती तर जास्त आवडला असता.

२००७ चा इन रेनबोज. कंपनीचा करार संपला होता, यांनी अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर ठेवला आणि सांगितलं किंमत तुम्हीच ठरवा, शून्य टाकलं तरी चालेल. त्याचीच चर्चा जास्त झाली आणि गाण्यांची कमी, हे मला कायम लागतं. कारण इथं पहिलंच गाणं पाच मात्रांचं आहे, मशीनच्या टाळ्यांनी सुरू होतं आणि मग खरे ड्रम्स, बेस आणि इतकी नाजूक गिटार की मागच्या दहा वर्षांत कुठं होती असं वाटावं. ठेका माणसाकडनं मशीनकडं गेला होता तो इथं दोघांच्या हातात आला. नवीन माणसानं इथनंच सुरू करावं, ४२-४३ मिनिटांत संपतो.

२०११ चा द किंग ऑफ लिंब्स बहुतेकांना आवडत नाही. जॉनीनं स्वतः सॉफ्टवेअर लिहिलं, त्यात बँडचंच वाजवणं घालून लूप, म्हणजे परत परत फिरणारे तुकडे, केले आणि त्यावर गाणी रचली. मला मात्र हा लवकर कळला, कारण मी अशोक चौकाच्या पलीकडं कारखान्यांच्या गल्लीत वाढलो. टॉवेलचे माग शेजारी शेजारी चालू असले की प्रत्येकाची खटखट वेगळी, एक थोडा पुढं एक थोडा मागं, आणि मध्येच काही क्षण सगळे एकत्र पडतात आणि परत सुटतात. त्या सुटण्यात जी मजा आहे तीच या अल्बमच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे. तरी तक्रार आहेच, रेकॉर्डिंग जरा कोरडं वाटतं. त्याच गाण्यांचं फ्रॉम द बेसमेंट या कार्यक्रमातलं लाइव्ह सेशन बघा, क्लाइव्ह डीमर म्हणून दुसरा ड्रमर घेतलाय, दोघं मिळून वाजवतात आणि तीच गाणी एकदम रक्ता-मांसाची होतात.

मध्येच एक सांगायचं राहिलं, जॉनी २०१५ ला जोधपूरला मेहरानगड किल्ल्यात येऊन राजस्थानी आणि कव्वाली वाजवणाऱ्यांबरोबर जुनून नावाचा अल्बम करून गेला. नगारे आणि ब्रास इतके पुढं आणि हा मागं बसून गिटार धरतो. ते ऐकल्यावर हा माणूस इतकी वर्षं काय शोधत होता ते कळतं.

२०१६ चा अ मून शेप्ड पूल, लंडन कंटेंपररी ऑर्केस्ट्राच्या तंतुवाद्यांनी भरलेला. गाणी इंग्रजी बाराखडीच्या क्रमानं लावलीयत आणि तरी शेवटचं गाणं शेवटीच शोभतं. ते गाणं १९९५ पासनं थॉम स्टेजवर नुसत्या गिटारवर म्हणायचा, अल्बमवर यायला एकवीस वर्षं लागली आणि आलं ते पियानोवर. हे ऐकून गिटार गेली म्हणून रडणाऱ्यांना मी एकच विचारतो, ते गाणं १९९५ ला रेकॉर्ड झालं असतं तर एवढं दुखलं असतं का?

मोबाईलच्या स्पीकरवर यातलं काहीच ऐकू नका, बेस पूर्ण जातो आणि बेस गेला की निम्मा बँड गेला. महागडं काही लागत नाही, साधे वायरचे इअरफोन बास. सकाळची पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस पकडणार असाल तर कुर्डुवाडीच्या आधी इन रेनबोज आरामात होतो, पुढं दौंडपर्यंत किड ए दोनदा.